गंगातीरीच्या बागानबाड्या : एका शतकाचा मालकी-पालट

(एका वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा शब्दांकित मजकूर)



कोलकात्याची यात्रा केलेल्यांपैकी बहुतेकांनी दक्षिणेश्वरचे कालीमंदिर आणि बेलूर मठ ही दोन स्थाने पाहिलेली असतात. दक्षिणेश्वरच्या घाटावर होडीत बसावे, पैलतीराच्या बेलूरला उतरावे, संध्याकाळची आरती करून परतावे, असा बहुधा क्रम असतो. या प्रवासात दोन्ही काठांकडे नजर टाकली तर गिरण्यांची धुराडी दिसतात, मोडकळीस आलेले घाट दिसतात आणि अधूनमधून, झाडीत दडलेला, खांबांच्या ओसरीचा एखादा जुना वाडा दिसतो. गाईड त्याविषयी काही सांगत नाही, आपणही विचारत नाही. आजचे माझे बोलणे त्या वाड्यांविषयी आहे.

बंगालीत त्यांना ‘बागानबाडी’ म्हणतात. बाडी म्हणजे घर. आपला ‘वाडा’ आणि ‘वाडी’ या शब्दांची ही सख्खी बहीण. शहरातल्या दाटीपासून दूर, नदीच्या काठी, आंबा-लिचीच्या बागेत बांधलेले विश्रांतीचे घर म्हणजे बागानबाडी. स्वामी विवेकानंदांच्या चरित्राच्या मराठी वाचकांना ‘उद्यानगृह’ हा शब्द परिचित आहे. दोन्हींचा अर्थ एकच. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हुगळीच्या, म्हणजे तिथल्या लोकांच्या भाषेत गंगेच्याच, दोन्ही तीरांवर अशी घरे उभी राहिली आणि एकोणिसाव्या शतकात ती इतक्या झपाट्याने एका हातातून दुसऱ्या हातात गेली की, त्यांची खरेदीखते एकापुढे एक मांडली तरी त्या शतकाचा इतिहास वाचता येईल.

प्रारंभ अर्थातच कंपनीच्या माणसांपासून होतो. कोलकात्याच्या किल्ल्याच्या दक्षिणेला नदी एक मोठे वळण घेते. त्या वळणाच्या पूर्व काठाला इंग्रजांनी नाव दिले ‘गार्डन रीच’. १७८० साली समुद्रमार्गे येणाऱ्या प्रवाशाला बंगालचे पहिले दर्शन या काठाचे होई. एलिझा फे नावाच्या इंग्रज स्त्रीने आपल्या पत्रांत या शुभ्र घरांचे आणि हिरवळींचे मोठ्या कौतुकाने वर्णन केले आहे. सर विल्यम जोन्स, ज्यांनी पुढे ‘शाकुंतल’ इंग्रजीत नेले, ते याच गार्डन रीचला राहात आणि न्यायदानासाठी शहरात येत. समोरच्या तीरावर १७८७ मध्ये कंपनीचे वनस्पती उद्यान झाले. उत्तरेला बराकपूर येथे गव्हर्नर जनरलने आपले विश्रांतिस्थान केले. रिश्रा येथे वॉरन हेस्टिंग्जचे बागेतले घर होते.

या घरांच्या सौंदर्याची चित्रे आज विलायतेतील संग्रहालयांत मोठ्या आदराने लावलेली असतात. पण ही घरे कोणत्या पैशांतून उभी राहिली, हेही आपण लक्षात ठेवावयास हवे. १७७० च्या दुष्काळाने बंगाल होरपळून निघाल्यानंतरच्या दशकांत ही हिरवळ फुलत होती. ज्या मुलुखात दाणा मिळेना म्हणून माणसे मरत होती, त्याच मुलुखात कंपनीचा एक सामान्य नोकर दहा-पंधरा वर्षांत इतका पैसा जमवी की, मायदेशी परतल्यावर तो जहागिरी विकत घेऊ शके. तेव्हा ‘गेले ते वैभव’ असा उसासा मी तरी टाकणार नाही.

पण या मालकीचा पाया मुळातच पोकळ होता, कारण यातला कोणीही राहावयास आलेला नव्हता. घर विकत घ्यायचे, दहा वर्षे वापरायचे, विकून जहाजात बसायचे. किंवा मरायचे, आणि मरणाचे प्रमाण तिथे फार मोठे होते. त्यात भर पडली ती १८३० ते १८३४ या काळातील व्यापारी दिवाळखोरीची. कोलकात्यातील गोऱ्या व्यापाऱ्यांच्या मोठमोठ्या पेढ्या, ज्यांना एजन्सी हाऊस म्हणत, त्या पामर कंपनीपासून सुरुवात होऊन एकामागून एक कोसळल्या. कंपनीच्या नोकरांनी ठेवलेल्या ठेवी तिथेच होत्या. मग घरे विक्रीला निघाली. पुढे १८४७-४८ मध्ये युनियन बँक बुडाली आणि कार-टागोर कंपनीही तिच्याबरोबर गेली. नुकसान गोऱ्यांपुरते नव्हते. द्वारकानाथ टागोरांच्या कुटुंबाला कर्जफेडीसाठी मालमत्ता विकाव्या लागल्या. बेलगाछियाचा त्यांचा सुप्रसिद्ध विलासवाडा पाइकपाडाच्या जमीनदारांनी घेतला. तो नदीकाठी नव्हता, पण वाऱ्याची दिशा त्यावरून कळते.

या दोन लाटांमधून नदीकाठ बंगाली धनिकांच्या हाती येऊ लागला. मीठ, अफू, जहाजांचा मालपुरवठा, दलाली, जमीनदारी अशा मार्गांनी संपन्न झालेले हे ‘बाबू’ लोक. साहेबाचे घर साहेबाच्या सामानासकट घ्यायचे, झुंबरे तीच, आरसे तेच. फरक इतकाच की, आता तिथे दुर्गापूजाही होई आणि नाचही होई. या बाबूगिरीची टर बंगाली लेखकांनीच इतकी उडवलेली आहे की, मी त्यात भर घालत नाही. देशी माणसाच्या हाती मालकी आली म्हणजे आपोआप काही उदात्त घडते, असे मानण्याचे कारण नाही. उदात्त घडले ते कोठे घडले आणि कोणाच्या हातून, हे पाहण्यासारखे आहे.

१८४७ साली जानबाजारच्या राणी रासमणींनी काशीयात्रेची तयारी केली होती. नौकांचा ताफा सज्ज होता, शिधा भरला होता. निघण्याच्या आदल्या रात्री जगन्मातेने दृष्टान्त दिला, काशीला येण्याचे कारण नाही, गंगेच्या काठीच माझे मंदिर बांध, असे चरित्रकार सांगतात. राणींनी यात्रा रद्द केली आणि जागेचा शोध सुरू केला. बंगालमध्ये श्रद्धा अशी आहे की, गंगेचा पश्चिम तीर वाराणसीतुल्य. म्हणून त्यांनी प्रथम पश्चिम तीरावरच, बाली-उत्तरपाडा या गावांत जागा पाहिली. पैसा कितीही देण्याची तयारी होती. परंतु तिथल्या जमीनदारांनी नकार दिला. आमच्या हद्दीत दुसऱ्याच्या पैशाने बांधलेल्या घाटावरून आम्ही गंगेत उतरणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हे स्वामी सारदानंदांनी ‘लीलाप्रसंग’ या ग्रंथात नमूद केलेले आहे.

बंधूंनो, राणी रासमणी जन्माने कैवर्त समाजाच्या. ब्राह्मण तिच्या मंदिरात पूजा करावयास तयार होत नव्हते, देवीला अन्नाचा नैवेद्य दाखवता येईल की नाही यावर शास्त्री मंडळी अडून बसली होती, हा पुढचा इतिहास आपणांस ठाऊक आहे. त्या पार्श्वभूमीवर हा ‘दुसऱ्याच्या घाटा’चा आक्षेप वाचला म्हणजे मान खाली जाते. हिंदू स्त्री हिंदू देवतेचे मंदिर बांधू इच्छिते, गंगा साऱ्यांची आहे, आणि तिला जागा नाकारतात ते हिंदू जमीनदार! आपल्या समाजाच्या दुर्बलतेची कारणे शोधताना आपण नेहमी बाहेर पाहतो. हे उदाहरण घरातले आहे.

जागा मिळाली ती पूर्व तीरावर, दक्षिणेश्वर गावी, हेस्टी नावाच्या एका इंग्रजाकडून. ६ सप्टेंबर १८४७ रोजी खरेदीखत झाले. साडेचोपन्न बिघे जमीन, किंमत ४२ हजार ५०० रुपये. तीन बंगाली बिघ्यांचा सुमारे एक एकर धरला तर अठरा एकर होतात. त्यात साहेबाची कोठी होती, एका भागात मुसलमानांचे जुने कबरस्तान व पिराचे स्थान होते, आणि जमिनीचा आकार कासवाच्या पाठीसारखा उंचवट्याचा होता. तंत्रशास्त्रात शक्तिस्थानासाठी अशी भूमी उत्तम मानतात. म्हणजे शास्त्राला जे हवे होते तेच हाती आले. तीराची दिशा मात्र बदलली.

बांधकाम आठ वर्षे चालले, खर्च सुमारे नऊ लाखांवर गेला आणि ३१ मे १८५५ रोजी, स्नानयात्रेच्या दिवशी, प्रतिष्ठा झाली. नवरत्न कालीमंदिर, राधाकांताचे मंदिर, बारा शिवमंदिरे, घाट, नौबतखाने सारे नवे उभे राहिले. पण साहेबाची कोठी राणींनी पाडली नाही. देवस्थानाच्या आवारात ती तशीच राहिली, आजही आहे. श्रीरामकृष्ण दक्षिणेश्वरी आल्यानंतर सुमारे सोळा वर्षे याच कोठीत राहात होते. एका इंग्रजाने विश्रांतीसाठी बांधलेल्या घरात पुढे अशी साधना झाली की, जिने घर या शब्दाचाच अर्थ पुसून टाकला! याच कोठीच्या गच्चीवर उभे राहून संध्याकाळी ते, अजून न आलेल्या शिष्यांना आर्तपणे हाका मारीत, असे त्यांनी स्वतः पुढे सांगितले आहे.

राणी रासमणींचा या नदीशी आणखीही एक संबंध सांगतात. कंपनी सरकारने गंगेतील मासेमारीवर कर बसवला, तेव्हा गरीब कोळी राणींकडे आले. राणींनी दहा हजार रुपये भरून नदीचा एक पट्टा इजाऱ्याने घेतला आणि लोखंडी साखळदंड लावून तो बंद केला. जहाजे अडली. विचारणा झाली तेव्हा त्यांनी उत्तर दिले की, जहाजांच्या वर्दळीने मासे पळतात, माझे भाडे बुडते. अखेर कर मागे घेतला गेला. नदीचा काठ विकत घेणारे पुष्कळ होते. प्रत्यक्ष नदीच इजाऱ्याने घेऊन ती लोकांना मोकळी करून देणारी ही एकच बाई.

आणि आता माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट. १८ फेब्रुवारी १८६१ रोजी राणींनी दक्षिणेश्वरची संपत्ती आणि तिच्या खर्चासाठी दिनाजपूर जिल्ह्यात २ लाख २६ हजारांना घेतलेली जमीनदारी देवोत्तर केली. मालकी देवतेची, वारस केवळ सेवाईत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी देह ठेवला. दोन हयात मुलींपैकी थोरल्या पद्ममणीने संमतिपत्रावर सही केली नाही, ही सल घेऊनच त्या गेल्या. पुढे वारसांत खटले झाले, हे खरे आहे. दस्तऐवज केला म्हणजे माणसाचा लोभ संपतो असे नाही. पण एक गोष्ट झाली. जी जागा साहेबाकडून राणीकडे सहजपणे विकली गेली होती, ती पुन्हा विकण्याची वस्तू राहिली नाही. दक्षिणेश्वरच्या दक्षिणेला लागूनच यदुनाथ मल्लिक यांची बागानबाडी होती. श्रीरामकृष्ण तिथे फिरावयास जात, आणि तिथल्या भिंतीवरील माता मेरी व बाल येशूचे चित्र पाहून त्यांना भावावस्था प्राप्त झाली होती, हा प्रसंग प्रसिद्धच आहे. ती बाग आणि ही बाग एकमेकींना खेटून. एकीचा मालक होता मल्लिक, दुसरीची मालकीण होती भवतारिणी.

आता नदीच्या प्रवाहाबरोबर खाली, पुन्हा गार्डन रीचला येऊ. फेब्रुवारी १८५६ मध्ये डलहौसीने अयोध्येचे राज्य खालसा केले. आपली तक्रार विलायतेत मांडण्याच्या उद्देशाने निघालेला नबाब वाजिद अली शाह त्याच वर्षी मे महिन्यात कोलकात्यास पोहोचला आणि प्रकृतीमुळे तिथेच थांबला. त्याच्यासाठी गार्डन रीचच्या पुढे मेटियाबुर्ज येथे जे घर घेण्यात आले, ते पूर्वी सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती लॉरेन्स पील यांचे निवासस्थान होते आणि तेव्हा ते बर्दवानच्या महाराजांकडे होते. इंग्रज न्यायाधीश, हिंदू जमीनदार, पदच्युत मुसलमान नबाब असा एकाच वास्तूचा प्रवास! पुढच्या वर्षी स्वातंत्र्यसमर पेटल्यावर नबाबाला किल्ल्यात बंदिवान केले गेले. १८५९ मध्ये सुटल्यावर वर्षाला बारा लाखांच्या तनख्यावर त्याने त्या काठाने एकामागून एक घरे घेतली, नवी बांधली आणि तिथे दुसरे लखनौ वसवले.

वाजिद अलींच्या विलासीपणाविषयी बरेच लिहिले गेले आहे, आणि त्यातले काही इंग्रजांनी राज्य गिळल्याच्या समर्थनार्थ मुद्दाम लिहिले. त्याचे दुसरे अंगही सांगितले पाहिजे. राधा-कृष्णाची नाट्ये रचून ती आपल्या दरबारात उभी करणारा हा राजा होता. ठुमरी आणि कथक यांना त्याने आश्रय दिला, आणि कोलकात्याच्या संगीतावर मेटियाबुर्जची छाप राहिली. त्याचे प्राणिसंग्रहालय पाहावयास माणसे जात. तिथे जे बालपणी वाढले त्या अब्दुल हलीम शरर यांनी त्या गावाचे वर्णन मागे ठेवले आहे.

ते आज वर्णनातच पाहावे लागते. २१ सप्टेंबर १८८७ रोजी वाजिद अली निवर्तले आणि सरकारने वेळ दवडला नाही. अयोध्येच्या राजाच्या मालमत्तेसंबंधी १८८७ आणि १८८८ या दोन वर्षांत दोन कायदे झाले. प्राणी लिलावात गेले, घरे विकली गेली, पाडली गेली. दगडविटांचे लखनौ तीस वर्षे उभे राहिले आणि थोडक्या काळात उठले. इमामवाडा तेवढा राहिला, तिथेच नबाबाची कबर आहे. लक्षात घ्या, धार्मिक दानाची वास्तू टिकली, खासगी महाल गेले. नियम तोच.

शेजारच्या खिदिरपूरला १८९२ मध्ये नवी गोदी सुरू झाली. आणि न्यायमूर्ती पील यांचे ते पहिले घर? ते बंगाल-नागपूर रेल्वेकडे आले. ही कंपनी स्थापन झाली तीही १८८७ मध्येच आणि तिची सुरुवात झाली ती आपल्या नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारा मार्ग ताब्यात घेण्यापासून. विदर्भातला कापूस आणि मध्य प्रांतातले धान्य कोलकात्याच्या बंदराशी जोडणाऱ्या कंपनीचे मुख्यालय या काठावर आले. १९५५ पासून तिथे दक्षिण-पूर्व रेल्वेचे मुख्यालय आहे आणि नबाबाचे ते घर ‘बीएनआर हाऊस’ या नावाने आजही उभे आहे. नागपूरच्या जुन्या रेल्वे कर्मचाऱ्यांना ‘बीएनआर’ ही तीन अक्षरे घरच्यासारखी. त्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल की, साहेब जिथे बसत तिथे अयोध्येच्या राज्याचा शेवटचा अध्याय लिहिला गेला?

परंतु बागानबाड्यांचा खरा शत्रू रेल्वे किंवा गोदी नव्हे. तो म्हणजे ताग. क्रिमियाच्या युद्धामुळे रशियातून येणारे अंबाडीसारखे धागे स्कॉटलंडमधील डंडीच्या गिरण्यांना मिळेनासे झाले आणि बंगालच्या तागाला एकाएकी भाव आला. १८५५ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी दक्षिणेश्वरची प्रतिष्ठा झाली त्याच वर्षी, जॉर्ज ऑकलंडने विश्वंभर सेन यांच्या भांडवलाच्या साहाय्याने रिश्रा येथे पहिली तागाची गिरणी काढली. गिरणीला काय हवे? कच्चा ताग पूर्व बंगालमधून होडीने येतो, तेव्हा घाट हवा. बाष्पकाला पाणी हवे. तयार मालाला बंदरापर्यंत जलमार्ग हवा. आणि एकाच मालकाची, कुळे नसलेली, मोठी सलग जमीन हवी. या चारही गोष्टी बागानबाडीत तयार होत्या! एक खरेदीखत केले की काम झाले. रिश्राच्याच वॉरन हेस्टिंग्जच्या जुन्या जागेवर १८७५ मध्ये गिरणी उभी राहिली आणि तिचे नावही ‘हेस्टिंग्ज मिल’. गव्हर्नर जनरलच्या आंब्यांच्या जागी धुराडे.

यातले सर्वांत जिव्हारी लागणारे उदाहरण चंदननगरचे. तिथे मोरान नावाच्या एका निळवाल्या साहेबाची बाग होती. पाण्यापासून निघालेल्या पायऱ्या थेट लांब ओसरीला भिडत, खोल्या कमी-अधिक उंचीवर, दिवाणखान्याच्या खिडक्यांना रंगीत काचांची चित्रे, आणि सर्वांत वर चहूबाजूंनी उघडी अशी एक गोल खोली. १८८१ च्या सुमारास ज्योतिरिंद्रनाथ टागोर यांच्यासमवेत वीस वर्षांचे रवींद्रनाथ तिथे राहिले. ‘संध्यासंगीत’मधील कविता त्या काळातल्या. आपल्या आठवणींत त्यांनी त्या गंगातीरावरच्या दिवसांविषयी जे लिहिले आहे, ते मुळातून वाचावे. पण १९४० मध्ये, आयुष्याच्या अखेरीस बालपणाविषयी लिहिताना त्यांनी सांगून टाकले की, ते घर आता नाही, डंडीवाल्यांच्या गिरणीने ते गिळले. निळीच्या पैशातून बांधलेले घर तागाच्या पैशाने पाडले. दोन्ही पिकांनी बंगालच्या शेतकऱ्याचे काय केले, तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

गिरण्यांच्या मालकीचाही पुढे पालट झाला. विसाव्या शतकात मारवाडी उद्योजकांनी या क्षेत्रात पाऊल टाकले. इंदूरच्या सर सरूपचंद हुकुमचंदांची गिरणी नैहाटीला उभी राहिली. पण तो काळ आपल्या मर्यादेबाहेरचा.

सगळेच जमीनदार केवळ विलासी नव्हते, हेही सांगायला हवे. ज्या उत्तरपाड्याने रासमणींना जागा नाकारली होती, त्याच उत्तरपाड्यातील जयकृष्ण मुखर्जींनी नदीच्या अगदी काठावर, जिथे एरव्ही बागानबाडी उठली असती अशा जागी, प्रासादासारखी इमारत बांधली आणि १८५९ मध्ये ती सार्वजनिक ग्रंथालय म्हणून खुली केली. मायकेल मधुसूदन दत्त आपल्या अखेरच्या दिवसांत तिथे आश्रयाला होते. आणि ३० मे १९०९ रोजी, अलीपूरच्या तुरुंगातून सुटलेल्या अरविंदांनी सनातन धर्म आणि राष्ट्र यांविषयीचे ते विख्यात भाषण केले ते याच ग्रंथालयाच्या प्रांगणात. ‘उत्तरपाडा भाषण’ आपल्यापैकी अनेकांनी अभ्यासवर्गात वाचले असेल. त्या भाषणाला ज्या भूमीवर श्रोते बसले, तिची ही कुळकथा.

आता शेवटच्या मुक्कामाकडे, पश्चिम तीरावरच्या बेलूरकडे.

श्रीरामकृष्णांचे शेवटचे आठ महिने काशीपूरच्या उद्यानगृहात गेले. हे घर नदीपासून थोडे आत, गोपाललाल घोष यांच्या मालकीचे, भाडे महिना ऐंशी रुपये. ते भरत होते सुरेंद्रनाथ मित्र. १६ ऑगस्ट १८८६ रोजी ठाकूर गेले, आणि महिनाअखेरीस घर सोडावे लागले. मग बराहनगरचे पडके घर. दहा-अकरा रुपये भाड्याचे, भुताटकीचे म्हणून कोणी न घेतलेले. वरच्या मजल्यावर हे तरुण संन्यासी. एके काळी कोणा श्रीमंताचा असलेला वाडा इतका उतरला होता की, निर्धन संन्याशांना परवडला. मालकी-पालटाचा हाही एक परिणाम! १८९२ मध्ये मठ आलमबाजारला गेला, आणि फेब्रुवारी १८९८ मध्ये नदी ओलांडून बेलूरला नीलांबर मुखर्जींच्या बागानबाडीत आला. नीलांबरबाबू काश्मीर संस्थानात मोठ्या पदावर होते. त्यांच्या या घरी श्रीमाँ सारदादेवी पूर्वीही भाड्याने राहून गेल्या होत्या. १८९३ मध्ये चारी बाजूंना अग्नी आणि माथ्यावर सूर्य, असे पंचतपा व्रत त्यांनी याच घराच्या गच्चीवर केले. २५ मार्च १८९८ रोजी मार्गारेट नोबल यांना स्वामीजींनी ब्रह्मचर्यदीक्षा देऊन ‘निवेदिता’ केले, तेही इथेच.

भाड्याच्या घरांची ही बारा वर्षांची वणवण स्वामीजींना सलत होती. मार्च १८९८ मध्ये जवळच सुमारे बावीस बिघे जमीन ३९ हजार रुपयांना घेतली गेली. पैशाचा मोठा भाग हेन्रिएटा म्यूलर या इंग्रज शिष्येचा. जमीन काही रमणीय नव्हती. तिथे पूर्वी होड्या दुरुस्त होत असत. सगळीकडे खड्डे आणि चर. ती सपाट करण्यातच पुष्कळ श्रम आणि पैसा गेला. तिच्यावर एक जुने घर होते, त्यात प्रथम श्रीमती ओली बुल आणि जोसेफाईन मॅक्लिऑड राहिल्या. ९ डिसेंबर १८९८ रोजी स्वामीजींनी श्रीरामकृष्णांच्या अस्थींचा कलश स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि नीलांबरबाबूंच्या घरापासून गंगेच्या काठाकाठाने चालत नव्या जागी नेऊन स्थापिला. तू मला खांद्यावर घेऊन जिथे नेशील तिथे मी राहीन, असे ठाकूर म्हणाले होते. २ जानेवारी १८९९ ला सारा मठ तिथे आला. पश्चिम तीरावर रासमणींना जी जागा मिळाली नव्हती, ती पन्नास वर्षांनी त्यांच्या पुजाऱ्याच्या शिष्यांना मिळाली.

परंतु शेजार तोच होता! हा भाग बाली नगरपालिकेत येई. नगरपालिकेने मठाला धर्मस्थान मानण्याचे नाकारले आणि ही नरेंद्रनाथ दत्तांची खासगी बागानबाडी आहे, असे म्हणून कर आकारला. विलायती स्त्रिया येतात, समुद्रपार गेलेला संन्यासी राहतो, मठात चक्क चहा पितात. मग हा मठ कसला, असे गावकीचे मत. स्वामीजी हसून सोडून देणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी हुगळी जिल्हा न्यायालयात दावा लावला. चौकशी झाली. फेब्रुवारी १९०१ मध्ये निकाल मठाच्या बाजूने लागला, कर माफ झाला.

या खटल्याकडे चरित्रकार एक किस्सा म्हणून पाहतात. मला तो किस्सा वाटत नाही. न्यायालयापुढचा प्रश्न नेमका हाच होता की, नदीकाठचे हे घर कोणाचे आहे आणि कशासाठी आहे. शंभर वर्षे या काठावर प्रत्येक घर ‘अमक्याची बागानबाडी’ म्हणूनच ओळखले गेले होते, नगरपालिकेला दुसरी भाषाच ठाऊक नव्हती. आणि स्वामीजींनी त्याचे उत्तर कागदावर आधीच देऊन ठेवले होते. ३० जानेवारी १९०१ रोजी त्यांनी विश्वस्तपत्र करून मठाची मालमत्ता गुरुबंधूंच्या विश्वस्त मंडळाकडे सोपवली. त्यावर नरेंद्रनाथ दत्तांचे काही राहिले नाही. प्रकृती ढासळत चालली होती, दीड वर्षाने ४ जुलै १९०२ ला त्याच मठातील नदीकडच्या खोलीत त्यांनी देह ठेवला. राणी रासमणी आणि स्वामी विवेकानंद, दोघांनीही मृत्यूपूर्वी हे एक काम निष्ठेने पार पाडले. म्हणून दोन्ही स्थाने आज आहेत. नीलांबरबाबूंचे घरही पुढे मठाकडे आले आणि राखले गेले.

त्याच १९०१ च्या डिसेंबरात कोलकात्याला काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. लोकमान्य टिळक अधिवेशनासाठी आले होते, ते बेलूरला गेले. १८९२ मध्ये स्वामीजी पुण्यास टिळकांच्या घरी आठ-दहा दिवस राहिले होते, ती ओळख. टिळकांनीच पुढे लिहिले आहे की, स्वामीजींनी फार अगत्याने स्वागत केले आणि थट्टेने सुचवले की, तुम्ही संन्यास घेऊन बंगालमध्ये माझे काम करा, मी महाराष्ट्रात जातो. माणसाचे स्वतःच्या प्रांतात वजन पडत नाही, ते दूरच्या प्रांतात पडते. आणि त्या भेटीत टिळकांनी जायफळ, जायपत्री, वेलदोडे, लवंगा, केशर घालून मोगलाई चहा स्वतः केला आणि मठातल्या संन्याशांना पाजला, असे सांगतात. बाली नगरपालिकेला त्याची वार्ता पोहोचली की नाही, ठाऊक नाही. निकाल तर दहा महिन्यांपूर्वीच लागला होता.